मांजर न्हाणीघरात का येतं?

ज्या घरात मांजर आहे, त्या घरातल्या माणसाला न्हाणीघरात एकटेपण मिळत नाही. कडी लावली की दाराखालच्या फटीतून एक पंजा आत येतो आणि फरशी चाचपू लागतो. दार नुसतं लोटलेलं असेल तर ते डोक्यानं ढकलून मांजर आत येतं, कमोडसमोरच्या पायपुसण्यावर अंग मुडपून बसतं, बादलीच्या काठावर पुढचे पाय टेकवून पाण्यात डोकावतं, धुवायला टाकलेल्या कपड्यांत नाक खुपसतं. आपली अंघोळ होईपर्यंत ते उंबऱ्याशी थांबतं आणि आपण बाहेर पडलो की ओल्या फरशीवर जपून पावलं टाकत कोपरा न् कोपरा हुंगून येतं. अंगावर चार थेंब उडाले तरी शहारून पळणारा हा प्राणी घरातल्या सगळ्यांत ओल्या खोलीचा इतका ध्यास घेतो, याचं मला फार नवल वाटत आलं आहे. त्याचं उत्तर शोधायला निघालं की माणूस पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखात, मांजराच्या मूत्रपिंडात, त्याच्या टाळूवरच्या दोन बारीक छिद्रांत आणि क्योतोमधल्या एका प्रयोगात जाऊन पोचतो.

पाण्यापासून सुरुवात करू. आपल्या घरातलं मांजर हे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियात राहणाऱ्या एका रानटी मांजराचं वंशज आहे; २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानं ते नातं स्पष्ट केलं. कच्छच्या रणात दिसणारं ठिपकेदार वाळवंटी मांजर त्याच कुळातलं, पण आपल्या मनी-बोक्यांची वंशरेषा त्याच्या पश्चिमेकडच्या भावंडातून आली. माणसाशी त्यांची सोबत किती जुनी, याचा एक हृद्य पुरावा सायप्रस बेटावर मिळाला. तिथे शिलूरोकांबोस या ठिकाणी सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्यापासून जेमतेम ४० सेंटिमीटरवर एक मांजर पुरलेलं होतं, साधारण ८ महिन्यांचं. मांजर त्या बेटावरचं मूळचं नव्हे. कुणीतरी ते होडीतून समुद्रापार आणलं होतं.

कोरड्या प्रदेशातल्या या पूर्वजानं आपल्या मांजराला एक अचाट मूत्रपिंड दिलं. माणसाचं मूत्रपिंड लघवी जितकी दाट करू शकतं, त्याच्या दुपटीहून अधिक दाट मांजराचं करतं. शिकारीच्या ताज्या मांसातल्या ओलाव्यावर ते बराच काळ काढू शकतं. १९५९ मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत तर मांजरांनी समुद्राचं खारं पाणी पिऊन शरीरातलं पाणी टिकवलं; माणसानं तसं केलं तर तो आणखी तहानेनं मरेल. अशा प्राण्याला तहान मंद लागते. वाडग्यातल्या शिळ्या पाण्याकडे पाठ फिरवणारं मांजर वायसर झिजलेल्या नळाखाली बराच वेळ बसून राहतं, ते तहानेपेक्षा हालचालीसाठी. मांजराच्या डोळ्याला हलणारी वस्तू चटकन दिसते, पण नाकापासून वीत-सव्वा वीत अंतराच्या आतलं त्याला नीट स्पष्ट दिसत नाही. बादलीतल्या स्थिर पाण्याची पातळी नेमकी कुठे आहे हे त्याला पंजा बुडवून पाहावं लागतं. पडणारा थेंब मात्र चमकतो, आवाज करतो, आणि दर वेळी नव्यानं येतो.

आणि ते पाणी पितं तरी कसं! आपल्याला वाटतं जिभेचा चमचा करून ते पाणी उचलत असेल. कुत्रा जिभेचा तसा चमचा करतो. रोमन स्टॉकर नावाचे एक संशोधक एमआयटीत शिकवत असताना सकाळच्या न्याहारीच्या वेळी आपल्या 'कुट्टा कुट्टा' नावाच्या मांजराला पाणी पिताना पाहत होते, आणि त्यांना प्रश्न पडला. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी झपाट्यानं चित्रं टिपणारा कॅमेरा लावला. २०१० मध्ये 'सायन्स'मध्ये त्यांनी जे मांडलं ते असं : मांजर जिभेचं टोक मागे वळवतं आणि त्याचा फक्त वरचा भाग पाण्याला अलगद टेकवतं. जीभ पाण्यात बुडतच नाही. मग ती विजेसारखी वर खेचली जाते, तिला चिकटून पाण्याचा एक बारीक खांब वर उठतो, आणि गुरुत्वाकर्षण तो खांब खाली ओढायच्या आत जबडा मिटतो. सेकंदाला साधारण ४ वेळा. पाण्याचा वर जाण्याचा जोर आणि खाली पडण्याची ओढ यांचा तोल जिथे साधतो, नेमक्या त्याच गतीनं मांजर पितं. वाघ-सिंह याच हिशेबानं जरा सावकाश पितात. आपण दात घासत असताना बेसिनच्या काठावर बसून जे मांजर नळाच्या धारेला जीभ लावतं, ते द्रवगतीशास्त्रातलं एक अवघड गणित सोडवत असतं.

तरीही पाणी हे मुख्य कारण नसावं, असं माझं मत आहे. मुख्य कारण वास. मांजर न्हाणीघरात वाचायला येतं, आणि वाचण्यासारखं घरात सगळ्यांत जास्त इथेच असतं.

जरा त्याच्या नाकाच्या उंचीवरून या खोलीकडे पाहा. बाकीचं घर आपण झाडतो, पुसतो, उदबत्ती लावतो. इथे मात्र घरातलं प्रत्येक माणूस रोज येतं आणि अंगावरचं काही ना काही मागे ठेवून जातं. घामानं भिजलेला सदरा, ओला टॉवेल, जाळीत अडकलेले केस, साबणाच्या पाण्याबरोबर वाहून गेलेला त्वचेचा तेलकटपणा, लघवीचा अंश. माणसाच्या लघवीत हवेत उडणारी कितीतरी रसायनं असतात आणि आपण काय खाल्लं, कोणतं औषध घेतलं, शरीरात कोणते संप्रेरक वाढले-घटले यानुसार ती बदलत राहतात. काल रात्री लसूण जास्त झाली होती, धाकट्याला ताप आहे, घरी पाहुणा येऊन गेला, हे सगळं त्या चार फरश्यांवर नोंदलेलं असतं.

ही नोंद वाचायला मांजराकडे नाकाखेरीज आणखी एक इंद्रिय आहे. वरच्या पुढच्या दातांच्या मागे, टाळूवर, दोन बारीक छिद्रं असतात. तिथून नळ्या निघून नाकाच्या तळाशी असलेल्या जेकबसनच्या अवयवापर्यंत जातात. नाकानं जे हवेतून टिपता येतं त्यापलीकडचे, जड आणि चिकट रेणू हा अवयव ओळखतो. मांजर तो वापरत असतं तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो : वरचा ओठ किंचित मागे, तोंड अर्धवट उघडं, डोळे हरवलेले. आपल्या बनियनमध्ये नाक खुपसून झाल्यावर मांजर असं तोंड वासून क्षणभर थिजलं की घरातले म्हणतात, बघा, त्याला किळस आली. किळस अजिबात नव्हे; ते त्या वेळी अत्यंत मन लावून काम करत असतं. २०१४ मध्ये मांजराच्या जनुकसंचाचा जो सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात या अवयवातल्या एका प्रकारच्या गंधग्राहकांची २१ कार्यक्षम जनुकं मांजरात आढळली. कुत्र्यात ती ८ होती. दूरवरचा माग काढण्यात कुत्र्याला तोड नाही, पण जवळून, बारकाईनं, कोण होतं आणि कसं होतं हे ओळखण्याच्या या एका साधनात मांजर त्याच्या पुढे आहे.

मांजराच्या जगात लघवी हा मजकूरच असतो. त्यांच्या लघवीत फेलिनाइन नावाचं एक अमिनो आम्ल असतं, आणि ते तयार व्हायला मदत करणाऱ्या प्रथिनाचा शोध जपानमध्ये मासाओ मियाझाकी यांच्या गटानं लावला. त्याला त्यांनी नाव दिलं 'कॉक्सिन'. मोठ्या, खस्सी न केलेल्या बोक्यात ते सर्वांत जास्त. फेलिनाइन हवेत हळूहळू मोडतं आणि त्यातून तो नाक झिणझिणवणारा गंधकाचा दर्प सुटतो. एका बोक्याची खूण दुसरा हुंगतो, तेव्हा इथे कोण येऊन गेलं हे त्याला कळतं. ज्या प्राण्याची पत्रापत्री या माध्यमातून चालते, त्याला आपल्या घरातली मोठी दोन पायांची माणसं रोज ठरावीक जागी जाऊन काय करतात हे जाणून घ्यावंसं वाटलं, तर त्यात विचित्र काय?

२०२५ मध्ये टोकियोतल्या संशोधकांनी ३० मांजरांपुढे नळ्या ठेवल्या : एकीत मालकाच्या अंगाचा वास, एकीत अनोळखी माणसाचा, एक कोरी. मांजरांनी अनोळखी वास अधिक वेळ हुंगला. म्हणजे आपला वास त्यांना पाठ असतो. न्हाणीघराचा पेच इथेच आहे. माणूस आत जातो तेव्हा ओळखीच्या वासाचा असतो आणि पंधरा मिनिटांनी बाहेर येतो तो साबण, शांपू, पावडर अशा परक्या वासांत गुरफटून. ओळखीचा चेहरा, ओळखीचा आवाज, पण अंगावरची खूण पुसलेली. एकत्र राहणारी मांजरं एकमेकांच्या अंगाला अंग घासून वास मिसळत राहतात, आणि त्यांच्या गालांवर, कपाळावर, शेपटीच्या मुळाशी यासाठी गंधग्रंथी असतात. आपण ओल्या पोटऱ्यांनी बाहेर आलो की मांजर शेपटी उभारून गाल घासायला येतं, तेव्हा ते आपल्याला पुन्हा घरचं करून घेत असतं. मला हे कळलं तेव्हापासून अंघोळीनंतरची ती घासाघास मी घाईत टाळत नाही.

पाश्चात्त्य देशांतल्या लेखनात न सापडणारं एक कारण आपल्याकडे आहे, आणि ते फार महत्त्वाचं आहे. आपलं न्हाणीघर ही शिकारीची जागा आहे. तिथली फरशी एका जाळीकडे उतरलेली असते, जाळीखाली नळ, नळापुढे गटार. तिथून झुरळं वर येतात. पावसाळ्यात कधी गांडूळ येतं. झरोक्याच्या काचांमागे पाल टपून असते, तळमजल्यावर चिचुंद्री आणि घूस यांची ये-जा असते. मांजराच्या कानाला ८५ किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. आपली मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास संपते. उंदरांचं आपापसातलं बरंचसं बोलणं या दोन आकड्यांच्या मधे चालतं, म्हणून ते आपल्याला कधीच ऐकू येत नाही. मोरीच्या जाळीसमोर कान पुढे करून, मान वाकवून तासन्‌तास बसलेलं मांजर पाहून आपल्याला वाटतं ते शून्यात बघतंय. त्याला त्या नळातून एक अख्खं भूमिगत गाव ऐकू येत असतं.

उबेचीही ओढ असते. ज्या तापमानात मांजराला शरीर गरम किंवा थंड ठेवायला वेगळी शक्ती खर्च करावी लागत नाही, ते साधारण ३० ते ३८ अंश सेल्सिअस. डिसेंबरात पुण्या-नाशिकच्या घरात तेवढी ऊब गरम पाण्याच्या वाफेनं भरलेल्या न्हाणीघरातच असते, आणि मे महिन्यात तीच फरशी घरातली सगळ्यांत गार जागा होते.

आता दार. कितीतरी मांजरांना आत यायचंही नसतं. दार उघडं ठेवलं की ती उंबऱ्यावर बसून राहतात. त्यांना ते बंद नको असतं. मांजरांच्या वर्तनाचा आयुष्यभर अभ्यास करणारे जर्मन शास्त्रज्ञ पाउल लायहाउझेन यांनी मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांचा माग ठेवून दाखवलं, की मांजराचा मुलूख म्हणजे वाटांचं एक जाळं असतं. निजण्याच्या, ऊन खाण्याच्या, टेहळणीच्या जागा आणि त्यांना जोडणाऱ्या ठरलेल्या पायवाटा. या वाटांवरून मांजर रोज गस्त घालतं. शेजारच्या मांजराची वाट त्यातूनच जात असेल तर दोघं वेळा वाटून घेतात, म्हणजे समोरासमोर येऊन भांडण होत नाही. दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मांजराचा सगळा मुलूख तेवढाच. त्यातली एक खोली, आणि तीही वासांनी सर्वांत भरलेली, दिवसातून अनेकदा अचानक बंद होते. गस्तीची वाट मधेच तुटते.

आधीच्या पिढ्यांच्या घरांत हा प्रश्न फारसा नव्हता. चाळीतल्या खोलीत मोरी म्हणजे स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गुडघाभर उंचीचा कठडा. अंघोळीपुरता पडदा ओढला की झालं. संडास बाहेर, गॅलरीच्या टोकाला. वाड्यात न्हाणीघर मागच्या अंगाला, आणि पेटलेल्या बंबाजवळची जागा मांजराची हे सगळ्यांनी मान्य केलेलं. त्या घरांतलं मांजरही अंघोळ पाहत बसायचंच, पण त्याला दार खरवडायची वेळ येत नव्हती. आपण घरात कडी असलेली खोली आणली आणि मांजराचं कुतूहल आपल्या डोळ्यांवर येऊ लागलं.

बंद दारामागे आपण आहोत हे त्याला नक्की ठाऊक असतं, आणि हे मी भाबडेपणानं म्हणत नाही. क्योतो विद्यापीठातल्या साहो ताकागी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. मांजर एका खोलीत एकटं. खोलीबाहेरच्या ध्वनिक्षेपकातून मालकाचा आवाज त्याचं नाव घेऊन हाक मारतो, पुन्हा मारतो, पुन्हा मारतो. मांजर निवांत. मग तोच आवाज अचानक दूरच्या दुसऱ्या, खोलीतल्या ध्वनिक्षेपकातून येतो, इतक्या लवकर की माणूस तिथवर चालत पोचणं अशक्य. मांजर दचकतं, कान टवकारून इकडे-तिकडे पाहतं. त्याच्या हिशेबात मालक बाहेर होता, तो आत कसा आला? साधे यांत्रिक आवाज असे जागा बदलून ऐकवले तेव्हा त्याला तसा धक्का बसला नाही. याचा अर्थ, मालक दिसत नसतानाही तो कुठे आहे याचा नकाशा मांजर मनात बाळगतं. आपण दाराआड गेलो की त्याच्या लेखी आपण नाहीसे होत नाही. आपण त्या भिंतीपलीकडे, नेमक्या त्या जागी असतो, आणि तिथे पोचता येत नसतं.

मांजराला माणसाची नाही, घराची ओढ असते, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. ऑरेगॉन राज्य विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाल यांच्या गटानं २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानं तिला चांगलाच धक्का दिला. पिल्लू आणि त्याचं माणूस २ मिनिटं अनोळखी खोलीत एकत्र, मग पिल्लू २ मिनिटं एकटं, मग माणूस २ मिनिटांसाठी परत. तान्ह्या मुलांसाठी वापरतात तशीच ही चाचणी. ज्यांचं वागणं स्पष्ट वर्गात बसवता आलं त्या पिल्लांपैकी ६४.३ टक्के पिल्लं माणूस परत येताच शांत झाली, त्याला भेटली आणि मग निर्धास्तपणे खोली धुंडाळू लागली. माणसाच्या बाळांमध्ये हेच प्रमाण सुमारे ६५ टक्के आहे.

पिल्लाच्या आयुष्याची सुरुवातही लक्षात घ्यावी. पहिले साधारण ३ आठवडे त्याला स्वतःहून शी-शू करता येत नाही. आई जिभेनं चाटून ती करवते आणि स्वच्छही करते. देहधर्माचा पहिला अनुभवच आईच्या कुशीतला. देहधर्म एकट्यानं, दार लावून करायचा असतो ही माणसाची रीत आहे. मांजराला तिचा पत्ता नाही. त्यात आपण तिथे स्थिर बसलेले असतो, हात मोकळे, मांडी तयार. दिवसभर धावपळीत असलेलं माणूस एका जागी सापडण्याची ही हमखास वेळ. आणि ती वेळ मांजराला पाठ असते. पहाट आणि संध्याकाळ हे त्याच्या उत्साहाचे मूळ प्रहर. पण इटलीतल्या मेसिना विद्यापीठातल्या अभ्यासात माणसांच्या निकट राहणाऱ्या मांजरांनी आपला जागण्या-निजण्याचा क्रम माणसांच्या क्रमाशी जुळवून घेतलेला दिसला. माणूस उठलं की पहिल्यांदा न्हाणीघरात जातं आणि त्यानंतर वाटीत खाणं पडतं, हे सूत्र शिकायला मांजराला आठवडाही पुरतो.

या सगळ्या ओढीत एक खरा धोका आहे आणि तो घरोघरी बाटलीत भरून ठेवलेला असतो. फिनाइल. काळ्या फिनाइलमध्ये आणि पुष्कळशा जंतुनाशकांत फिनॉल वर्गातली रसायनं असतात. माणसाचं यकृत त्यांना एक साखरेसारखा रेणू जोडून निरुपद्रवी करतं आणि बाहेर टाकतं. मांजरात हे काम करणारं एक महत्त्वाचं जनुक निकामी झालेलं आहे. वनस्पतींमधली अशी रसायनं पचवण्याची गरज निव्वळ मांस खाणाऱ्या त्याच्या पूर्वजांना पडली नाही, आणि न वापरलेलं हे हत्यार पिढ्यान्‌पिढ्या गंजून गेलं. याच कमतरतेमुळे आपली साधी पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. पांढऱ्या फिनाइलमधलं पाइन तेलही त्याला घातकच. मांजर बाटलीला तोंड लावत नाही, पण ओल्या फरशीवरून फिरून येतं आणि मग बसून एकेक पंजा चाटत स्वच्छ करतं. विष त्या वाटेनं पोटात जातं. लाळ गळणं, तोंड येणं, झोकांड्या, सुस्ती यांतलं काही दिसलं तर घरगुती उपाय न करता थेट पशुवैद्य गाठावा. न्हाणीघर धुतल्यावर साध्या पाण्याच्या दोन-तीन बादल्या ओताव्यात, आणि फरशी खडखडीत वाळेपर्यंत दार घट्ट लावून घ्यावं. बाहेरून मांजर कितीही ओरडलं तरी तेवढा वेळ उघडू नये.